पेशीला वर-खाली कशावरून कळते? ई-कॅडहेरिन, कॅल्शियम आणि न वाढणारा टीईईआर

सांगलीतल्या एका महाविद्यालयात एम.एस्सी.चा प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: एमडीसीके, म्हणजे कुत्र्याच्या मूत्रपिंडातून आलेल्या पेशी, ट्रान्सवेलच्या (तळाला सच्छिद्र पडदा असलेल्या कपाच्या) पडद्यावर वाढवल्या. टीईईआर, म्हणजे पेशींच्या थराचा विद्युत अवरोध, १५० ओहम-चौरस सेंटिमीटरच्या वर जायला तयार नाही. कॅल्शियममुक्त मीडियममध्ये ठेवूनही, पेशींना एकमेकींशी चिकटवणाऱ्या ई-कॅडहेरिन या प्रथिनाची रंगवल्यावर सीमेवर दिसणारी रेघ पुसली जात नाही. आणि मूळ शंका अशी की, पेशी एकमेकींना चिकटल्या एवढ्यावरून त्यांना वरची बाजू कुठली नि खालची कुठली हे कसे कळते, आणि त्यातून विभेदन, म्हणजे पेशीने ठरावीक कामाचे रूप घेणे, कसे होते?

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करू. पहिल्या दोन अडचणी तिच्यातूनच सुटतात.

अभिस्तर ऊतीतल्या, म्हणजे अवयवांचे अस्तर बनवणाऱ्या थरातल्या पेशीला तीन तऱ्हेच्या बाजू असतात. बगलेची बाजू शेजारच्या पेशीला टेकलेली असते. खालची बाजू आधारपटलावर, म्हणजे लॅमिनिन आणि चौथ्या प्रकारच्या कोलाजेनच्या पातळ जाळ्यावर बसलेली असते. तिसऱ्या बाजूला काहीच टेकलेले नसते; तिथे आतड्याची किंवा मूत्रनलिकेची पोकळी असते. सांगलीच्या गावभागातली जुनी घरे आठवा. दोन्ही अंगांना सामाईक भिंती, खाली जोते, आणि खिडक्या फक्त बोळाकडे. पेशीही आपले मायक्रोव्हिलाय (बोटांसारखे बारीक उंचवटे) आणि साखर आत घेणारे वाहक मोकळ्या बाजूलाच काढते, आणि सोडियम-पोटॅशियम पंप बगलेत नि तळाशी बसवते. गवंड्याला बोळ डोळ्यांनी दिसतो. पेशीला सगळे चाचपून ठरवावे लागते. शेजारीण आहे हे कॅडहेरिन सांगते, खाली जमीन आहे हे आधारपटलाला धरणारे इंटेग्रिन सांगते, आणि जिथून दोघांचाही निरोप येत नाही ती वरची बाजू ठरते. आसंजन रेणूंना, म्हणजे या चिकटवणाऱ्या प्रथिनांना, नुसता डिंक समजलात तर पुढचे काहीच उलगडणार नाही. चिकटवणे हे त्यांचे अर्धे काम आहे. उरलेले अर्धे निरोप देण्याचे.

आता ई-कॅडहेरिन जवळून पाहा. पेशीबाहेर त्याचे पाच खंड एकापुढे एक ओवलेले असतात आणि प्रत्येक दोन खंडांच्या सांध्यात कॅल्शियमचे तीन आयन बसतात. म्हणजे चार सांधे, बारा आयन. आयन जागेवर असतील तर रेणू ताठ, किंचित वाकलेल्या दांडीसारखा राहतो. ते निघाले की सांधे ढिले पडतात आणि दांडीचा दोरा होतो. टोकाच्या पहिल्या खंडात दुसऱ्या क्रमांकावर ट्रिप्टोफॅन आहे. शेजारच्या पेशीवरच्या ई-कॅडहेरिनच्या खाचेत हा ट्रिप्टोफॅन जाऊन बसतो आणि तिचा आपल्या खाचेत येतो. रेणू ताठ नसेल तर ही अदलाबदल होत नाही. कॅल्शियम काढले की ट्रिप्सिन याच ढिल्या सांध्यांवर तुटून पडते, आणि कॅल्शियम असताना फारसे काही करू शकत नाही. मासातोशी ताकेइची यांनी १९७७ साली नेमका हाच फरक पकडला आणि त्यातून पुढे कॅडहेरिन हाती लागले. हा मुद्दा लक्षात ठेवा, तुमच्या ट्रिप्सिनशी त्याचा थेट संबंध आहे.

पेशीच्या आत कॅडहेरिनच्या शेपटीला बीटा-कॅटेनिन आणि पी-१२० कॅटेनिन ही प्रथिने धरून असतात. बीटा-कॅटेनिनला अल्फा-कॅटेनिन आणि त्याला पेशीच्या सांगाड्यातले अॅक्टिनचे धागे. ही साखळी साधी वाटते, पण अल्फा-कॅटेनिन अॅक्टिनला घट्ट धरते ते ओढ लागल्यावरच. ओढ लागली की त्याची घडी उलगडते, आतली व्हिन्क्युलिनची जागा उघडी पडते आणि पकड आणखी मजबूत होते. म्हणजे सांधा ताण मोजतो. शेजारीण खरोखर ओढते आहे की नुसती जवळ आहे, हे पेशीला यातून कळते.

पहिल्या स्पर्शात कॅडहेरिनच्या बरोबरीने नेक्टिन हे दुसरे आसंजन प्रथिन असते, आणि त्याला कॅल्शियम लागत नाही. दोन पेशींच्या कडा शिवल्या की तिथे ठिपके उमटतात. त्यांत ई-कॅडहेरिन, आणि पुढे टाइट जंक्शनमध्ये जाणारी झेडओ-१ नि जॅम-ए ही प्रथिने, हे सगळे एकत्रच असतात. टाइट जंक्शन आणि अॅडहेरन्स जंक्शन अजून वेगळे झालेले नसतात; पहिले म्हणजे पेशींमधली फट बंद करणारा सांधा, दुसरे म्हणजे कॅडहेरिनचा पकडसांधा. जॅम-एची शेपटी पार-३ला पकडते. पार-३ आपल्यासोबत पार-६ आणि एपीकेसी हे किनेज, म्हणजे इतर प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारे प्रथिन, आणते, आणि सीडीसी-४२ त्या किनेजला जागे करते. इथून खरी वाटणी सुरू होते. एपीकेसी हे एलजीएल आणि पार-१ यांच्यावर फॉस्फेट चढवून त्यांना वरच्या बाजूतून हुसकते. बगलेत गेलेले पार-१ उलट पार-३वर फॉस्फेट चढवते आणि त्याला बगलेत टिकू देत नाही. दोघे एकमेकांना हाकलतात आणि मध्ये हद्द पडते. त्या हद्दीवरच टाइट जंक्शनचा पट्टा बसतो. वरच्या हद्दीत क्रम्ब्स, पॅल्स-१ आणि पॅट-जे ही प्रथिने राहतात, बगलेत स्क्रिबल, डीएलजी आणि एलजीएल. पटलातले मेदही वाटले जातात: पीटीईएन या विकरामुळे वरच्या बाजूला पीआयपी-२ जमते, बगलेत आणि तळाशी पीआयपी-३ राहते.

कॅडहेरिन एकटे किती करू शकते, याचा स्वच्छ पुरावा १९९० सालच्या एका प्रयोगात आहे. उंदराच्या एल-पेशी फायब्रोब्लास्ट, म्हणजे संयोजी ऊतीतल्या सुट्या पेशी, असतात, त्यांना ना थर ना दिशा. त्यांच्यात ई-कॅडहेरिनचे जनुक घातले, तर सोडियम-पोटॅशियम पंप आपोआप पेशींच्या स्पर्शरेषेवर गोळा झाला. कारण कॅडहेरिनच्या मागे स्पेक्ट्रिन आणि अँकिरिनची जाळी जमते आणि ती पंपाला तिथेच धरून ठेवते. मात्र त्या पेशींना टाइट जंक्शन आले नाही. एका रेणूने बगल दाखवली, पूर्ण अभिस्तर झाला नाही.

पाठ्यपुस्तके इथे एक गोष्ट सोपी करून सांगतात, ती तशीच घेऊ नका. कॅडहेरिन ध्रुवता, म्हणजे पेशीच्या बाजूंमधला वर-खालीचा फरक, उभारण्यासाठी लागते. उभी राहिलेली ध्रुवता टिकवायला ते तितके लागत नाही. एमडीसीकेमध्ये थर तयार झाल्यावर ई-कॅडहेरिन घटवले तर जंक्शन बऱ्यापैकी टिकून राहते, पण कॅल्शियम काढून परत दिल्यावर नव्याने उभारताना पेशी अडखळते. हे २००७ साली दाखवले गेले. दुसरी बाजूही आहे: आतड्याच्या कर्करोगातून आलेल्या एलएस-१७४-टी पेशींमध्ये एलकेबी-१ हे किनेज जागे केले, तर एकटी पेशीही कोणाला न शिवता वरची टोपी आणि खालचा तळ वेगळा करते. म्हणजे दिशा घेण्याची यंत्रणा पेशीत मुळातच असते. ती कुठल्या अंगाला वळवायची, हे आसंजन सांगते.

आणि जमीन? ती विसरली जाते, कारण प्लॅस्टिकवर वाढवताना जमीन फुकट मिळते. एमडीसीके पेशी कोलाजेनच्या जेलमध्ये वाढवल्या तर पोकळ गोळा तयार होतो, वरची बाजू आत पोकळीकडे. त्याच पेशी द्रवात तरंगत ठेवल्या तर गोळा होतो, पण उलटा, वरची बाजू बाहेर. जेलमध्ये असूनही बीटा-१ इंटेग्रिन अँटीबॉडीने अडवले किंवा रॅक-१ हे संदेश पोचवणारे प्रथिन बंद पाडले तरी गोळा उलटतो, आणि बाहेरून लॅमिनिन दिले की रॅक-१ बंद असूनही सरळ होतो. कॅडहेरिन या सगळ्यात जागेवरच होते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: शेजारीण सांगते ‘इथे बगल’, पण वर-खालीचा अक्ष जमीन ठरवते.

आता तुमची रेघ. ती पुसली जात नाही याचे पहिले संशयित कारण सीरम. गाईच्या गर्भाच्या सीरममध्ये कॅल्शियम ३ मिलिमोलरच्या थोडे वर असते. ‘कॅल्शियममुक्त’ मीडियममध्ये १० टक्के सीरम घातले की त्यात ०.३ मिलिमोलर कॅल्शियम आलेच. बाटलीवर शून्य लिहिलेले असले तरी पेशीला तेवढ्यावर बरेच सांधे धरून ठेवता येतात. प्रयोगासाठी ५ मायक्रोमोलरच्या आसपास जावे लागते, म्हणजे साठपट खाली. त्यासाठी सीरम डायलिसिस करून घ्या: १०-१२ किलोडाल्टनची नळी, ४ अंशांवर कॅल्शियमविरहित सलाइन, किमान दोनदा बदलून, मग गाळून निर्जंतुक करायचे. आयन शोषून घेणारे चेलेक्स रेझिन वापरलेत तर ते मॅग्नेशियमही ओढून घेते, ते परत घाला.

दुसरे कारण पाणी, आणि आपल्या भागात ते गंभीरपणे घ्यायला हवे. काचेची भांडी बोअरच्या पाण्याने धुतली जातात. समजा त्या पाण्याचा जडपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि तो बहुतांश कॅल्शियमचाच आहे. १०० मिलिग्रॅम म्हणजे १ मिलिमोलर, म्हणजे हे पाणी ५ मिलिमोलरचे. बाटलीच्या भिंतींवर १ मिलिलिटर पाणी राहिले आणि वर १०० मिलिलिटर मीडियम ओतले, तर ५० मायक्रोमोलर कॅल्शियम आत गेले. हवे होते त्याच्या दहापट. पाणी वाळले तर पाणी उडते, क्षार तिथेच राहतो. पांढरी कड दिसणारी बाटली या प्रयोगातून बाद करा. भांडे आधी १ टक्का हायड्रोक्लोरिक आम्लाने विसळा, मग अतिशुद्ध पाण्याने पाच-सहा वेळा. त्याहून सोपे म्हणजे या एका प्रयोगापुरत्या प्लॅस्टिकच्या नव्या निर्जंतुक नळ्या वापरा.

तिसरे कारण मोजणीचे. तुमची अँटीबॉडी ई-कॅडहेरिनच्या आतल्या शेपटीला धरणारी असेल तर पृष्ठभागावरचे आणि आत ओढून घेतलेले कॅडहेरिन तिला सारखेच. सांधा सुटला की कॅडहेरिन लगेच नाहीसे होत नाही, पुटिकांमध्ये आत जाते. दहा मिनिटांत स्थिर केलेल्या (रसायनाने आहे तशीच थिजवलेल्या) पेशीत रेघ दिसणारच. बाहेरच्या खंडाला धरणारी अँटीबॉडी घ्या, पेशीला छिद्रे न पाडता आधी ती लावा, आणि सोबत झेडओ-१ बघा.

कॅल्शियम चेलेटरने, म्हणजे धातूचे आयन पकडणाऱ्या रसायनाने, झटपट काढायचे असेल तर ईजीटीए घ्या, ईडीटीए नको. ईजीटीए कॅल्शियम धरते आणि मॅग्नेशियम बऱ्यापैकी सोडून देते. ईडीटीए दोन्ही ओढते. इंटेग्रिनला मॅग्नेशियम लागते, म्हणून ईडीटीएने शेजारीणही सुटते आणि जमीनही. पेशी पडद्यावरून उठून येतात आणि तुम्ही नक्की काय तोडले ते सांगता येत नाही. मात्रेचा हिशोबही करा. डीएमईएम या नेहमीच्या मीडियममध्ये कॅल्शियम १.८ मिलिमोलर. १० टक्के सीरम मिसळल्यावर १.६२ अधिक ०.३, म्हणजे १.९च्या वर. २ मिलिमोलर ईजीटीए यात जेमतेम पुरते, ४ घ्या. ईजीटीए कॅल्शियम धरताना हायड्रोजन आयन सोडते, त्यामुळे मीडियम पिवळे पडते. २० मिलिमोलर हेपेस (पीएच स्थिर ठेवणारे बफर) घालून पीएच ७.४ला आणा, नाहीतर आम्लाचा परिणाम आसंजनाच्या खात्यावर लिहिला जाईल. २० ते ३० मिनिटांत पेशी गोल होताना साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतात. प्लेटच्या एखाद्या खणात दिसल्या नाहीत तर पुढचे स्टेनिंग करण्यात अर्थ नाही.

पूर्ण कॅल्शियम-स्विच, म्हणजे कॅल्शियम काढून परत देण्याचा प्रयोग, असा बसवा. १२ मिलिमीटरच्या इन्सर्टचे (ट्रान्सवेलच्या पडदा असलेल्या कपाचे) क्षेत्रफळ १.१२ चौरस सेंटिमीटर, छिद्र ०.४ मायक्रोमीटर. वर अर्धा मिलिलिटर, खाली दीड मिलिलिटर. प्रत्येक इन्सर्टवर ३ लाख पेशी, नेहमीच्या मीडियममध्ये. एवढ्या दाट टाकायच्या की विभाजन न होताही एकमेकींना शिवतील; विरळ टाकल्या तर वाढ आणि ध्रुवता यांचा घोळ होतो. दोन-तीन तास चिकटू द्या. कॅल्शियम नसलेल्या पण मॅग्नेशियम असलेल्या सलाइनने तीनदा धुवा. मग ५ मायक्रोमोलर कॅल्शियमचे मीडियम, १६ ते १८ तास. चोवीस तासांपुढे नेऊ नका, पेशी सुटायला लागतात. त्यानंतर १.८ मिलिमोलरचे मीडियम द्या आणि ०, १५, ३० मिनिटे, १, २, ४, ८, २४ तास या वेळांना एकेक इन्सर्ट स्थिर करा. ई-कॅडहेरिनचे तुटक ठिपके पहिल्या अर्ध्या तासात, झेडओ-१ची अखंड माळ काही तासांत, आणि टीईईआर त्याच्या मागून चढतो. हाच क्रम तुमचा निकाल आहे: आधी पकड, मग हद्द, मग बंद दरवाजा.

यात नेहमी चुकते ते पेशी उठवताना. ट्रिप्सिन-ईडीटीए म्हणजे कॅल्शियम काढून ट्रिप्सिन लावणे, ई-कॅडहेरिन तोडण्याची खात्रीची रीत. पाच मिनिटांऐवजी पंधरा मिनिटे ठेवलेत तर पेशी नवे कॅडहेरिन बनवून पृष्ठभागावर आणेपर्यंत काही तास जातात आणि तुमचा शून्य-वेळ खोटा ठरतो. घड्याळ लावा, सुटल्या की लगेच सीरमने ट्रिप्सिन थांबवा. स्थिर करण्याआधी धुताना साधे पीबीएस (फॉस्फेट सलाइन) वापरू नका, कॅल्शियम ०.९ आणि मॅग्नेशियम ०.५ मिलिमोलर असलेले वापरा. नाहीतर नियंत्रण इन्सर्टचीही जंक्शने धुण्यातच उघडतात. झेडओ-१साठी उणे २० अंशांचे मिथेनॉल ५ मिनिटे चांगले चालते. अॅक्टिन फॅलॉइडिनने रंगवायचे असेल तर मिथेनॉल चालत नाही, ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड घ्या.

टीईईआरची गोष्ट बहुधा अडचण नाहीच. एमडीसीकेच्या दोन जाती चालतात. दोन्ही १९५८ साली मॅडिन आणि डार्बी यांनी कॉकर स्पॅनियलच्या मूत्रपिंडातून काढलेल्या मूळ पेशींच्या वंशातल्या. पहिल्या जातीचा टीईईआर हजाराच्या पुढे जातो, दुसऱ्या जातीचा १००च्या आसपास किंवा त्याहून थोडा वर स्थिरावतो. फरक क्लॉडिन-२ या टाइट जंक्शनमधल्या प्रथिनाचा आहे. दुसऱ्या जातीत ते असते आणि सोडियमसारख्या धन आयनांना पेशींच्या मधून वाट देते. पहिल्या जातीत क्लॉडिन-२ घातले की तिचाही अवरोध कोसळतो, हे २००१ साली दाखवले गेले. म्हणून आधी आपल्याकडे कुठली जात आहे ते नळीवरच्या नोंदीत पाहा. दुसरी असेल तर १५० हा चांगला आकडा आहे. थर खरोखर सलग आहे का हे ४ किलोडाल्टनच्या फ्लुओरेसंट डेक्स्ट्रानने (चमकणाऱ्या मोठ्या शर्करारेणूने) तपासा. टीईईआर आयनांची वाट मोजतो, डेक्स्ट्रान भोके दाखवतो. टीईईआर कमी आणि डेक्स्ट्रान अडलेले, तर थर उत्तम.

आकडा काढण्याची रीतही ताडून बघा. समजा मीटर २६० ओहम दाखवतो आणि पेशी नसलेला इन्सर्ट १२०. फरक १४०. त्याला क्षेत्रफळाने गुणायचे, भागायचे नाही: १४० गुणिले १.१२ म्हणजे साधारण १५७ ओहम-चौरस सेंटिमीटर. २४ खणांच्या प्लेटमधल्या इन्सर्टचे क्षेत्रफळ ०.३३ असते, तो आकडा चुकून वापरलात तर हेच मूल्य ४६ येते. तापमानाचेही पाहा. क्षारद्रावणाची वाहकता दर अंशाला सुमारे २ टक्क्यांनी वाढते. डिसेंबरात २२ अंशांच्या खोलीत मोजलेला थर आणि एप्रिलमध्ये ३४ अंशांना मोजलेला थर यांत पेशींचा काही दोष नसताना जवळपास पाव भागाचा फरक पडेल. इन्क्युबेटरमधून काढल्यावर प्लेट २० मिनिटे ठरलेल्या तापमानाला येऊ द्या, तापमान वहीत लिहा, दर वेळी तेच ठेवा. इलेक्ट्रोडचा लांब पाय तळाला टेकला पाहिजे आणि आखूड पाय पेशींना लागता कामा नये. लागला तर तिथे ओरखडा पडतो आणि पुढची सगळी मोजणी वाया जाते.

विभेदनाकडे वळू. त्वचेत हे सगळ्यात स्पष्ट दिसते. केराटिनोसाइट, म्हणजे बाह्यत्वचेच्या मुख्य पेशी, ०.०५ ते ०.१ मिलिमोलर कॅल्शियममध्ये ठेवल्या तर पसरून वाढत राहतात, के-५ आणि के-१४ केराटिन बनवतात. १.२ मिलिमोलरवर नेल्या की डेस्मोसोम हे पेशी-पेशींमधले मजबूत सांधे बसतात, थर चढतात, के-१ आणि के-१० सुरू होतात. कॅल्शियमचे पेशीच्या आत स्वतंत्र कामही आहे, त्यामुळे सगळे श्रेय जंक्शनला देऊ नका. पण डेस्मोग्लीन-१ हे डेस्मोसोममधले कॅडहेरिन ईजीएफआर या ग्राहकाचा वाढीचा संदेश दाबून विभेदनाला हात देते, हे वेगळे सिद्ध झाले आहे. आणि इथेही जमिनीचा मुद्दा येतो: केराटिनोसाइट जमिनीपासून सोडवून घट्ट द्रवात तरंगत ठेवली तर ती विभाजन थांबवून इन्व्होल्युक्रिन हे विभेदनाचे प्रथिन बनवायला लागते. फायब्रोनेक्टिन दिले, इंटेग्रिनला पकड मिळाली, की हे रोखले जाते. ‘जमीन सुटली’ हा त्वचेच्या पेशीसाठी वर जाण्याचा आणि म्हातारे होण्याचा हुकूम आहे. पेम्फिगस व्हल्गारिस या त्वचारोगात रुग्णाच्या अँटीबॉडी डेस्मोग्लीन-३ला, आणि अंगावर फोड असतील तर बहुधा डेस्मोग्लीन-१लाही, धरतात, आणि तोंडात नि अंगावर फोड येतात ते पेशी-पेशींमधल्या याच पकडी सुटल्यामुळे.

उंदराच्या भ्रूणात तर पेशीचे पहिले नशीबच असे ठरते. आठ पेशींच्या अवस्थेत ई-कॅडहेरिनमुळे पेशी एकमेकींना दाबून बसतात. बाहेरच्या पेशींना मोकळी बाजू मिळते, त्यांच्यात वाय-ए-पी हे प्रथिन केंद्रकात जाते आणि सीडीएक्स-२ हे जनुक चालू करून त्यांना वारेच्या वाटेला लावते. आतल्या पेशींना सगळीकडून शेजार; तिथे हिप्पो हा संदेशमार्ग जागा राहतो आणि वाय-ए-पी बाहेरच अडते. जनुके तीच. मोकळी बाजू आहे की नाही, एवढाच फरक.

बीटा-कॅटेनिनची दुहेरी भूमिका इथे जोडून घ्या. ते कॅडहेरिनला धरून बसते तेव्हा सांध्याचा भाग असते, मोकळे होऊन केंद्रकात गेले तर डब्ल्यूएनटी या संदेशमार्गाचा निरोप्या. पण कॅडहेरिन गेले म्हणजे डब्ल्यूएनटी चालू झालेच, असे लिहू नका. मोकळ्या बीटा-कॅटेनिनचा फडशा पाडणारी यंत्रणा शाबूत असेल तर ते साचत नाही. स्तनाच्या लोब्युलर कर्करोगात ई-कॅडहेरिन बहुतेक वेळा नाहीसे होते, पी-१२० पटलावरून पेशीद्रवात पसरते आणि पेशी एकेरी रांगेत विखुरतात. बीटा-कॅटेनिनही पटलावरून जाते, पण केंद्रकात जमत नाही. मिरजेत पॅथॉलॉजीचे काम करणारे कोणी ओळखीचे असेल तर लोब्युलर आणि डक्टल अशा दोन स्लाइड ई-कॅडहेरिन रंगवून शेजारी ठेवून बघा. एका दुपारी जे दिसेल ते चार प्रकरणे वाचून दिसत नाही.

ट्रान्सवेल महाग आहेत. तोवर हात बसवायला कोंबडीचे आतडे घ्या. उलटवलेल्या आतड्याची पिशवी ही १९५४पासूनची जुनी रीत आहे. बकऱ्याचे आतडे स्वस्त मिळते, पण नको: रवंथ करणाऱ्या प्रौढ जनावराच्या लहान आतड्यात साखर शोषणारे वाहक फार कमी असतात. चिकनच्या दुकानातून कापल्याबरोबर आतडे बर्फाच्या सलाइनमध्ये घ्या, थर्मासमधून आणा. पोटानंतरचा वळसा सोडून पुढचा ८-१० सेंटिमीटरचा तुकडा, आत हलक्या हाताने सलाइन सोडून साफ, गोल टोकाच्या काचेच्या काडीवर उलटवा. एक टोक दोऱ्याने बांधा, १ मिलिलिटर बफर भरा, दुसरे टोक बांधा. बफर सलाइनचेच, त्यात १० मिलिमोलर ग्लुकोज, १० मिलिमोलर हेपेस, १ मिलिमोलर मॅग्नेशियम, १.२५ मिलिमोलर कॅल्शियम. बाहेर तेच बफर २५ मिलिलिटर, त्यात लिटरला ५० मिलिग्रॅम फेनॉल रेड हा रंग, गळती दिसावी म्हणून. मत्स्यपेटीचा पंप लावून बुडबुडे सोडा, ३७ ते ३९ अंश, ३० मिनिटे. बायकार्बोनेटचे बफर साध्या हवेवर चालवू नका, पीएच चढत जातो. फॉस्फेट जास्त घेतले तर कॅल्शियमचा साका बसतो.

दुसरी पिशवी तशीच, फक्त बाहेर कॅल्शियम नाही आणि ५ मिलिमोलर ईजीटीए, पीएच पुन्हा जुळवून. शेवटी आतला द्रव काढा, ग्लुकोज ऑक्सिडेज किटने मोजा, आणि थोडा भाग सोडियम हायड्रॉक्साइडने अल्कधर्मी करून ५६० नॅनोमीटरला फेनॉल रेड वाचा. ग्लुकोमीटरच्या पट्टीवर विसंबू नका, ती रक्तासाठी बनवलेली असते. पहिल्या पिशवीत ग्लुकोज बाहेरच्यापेक्षा आत जास्त साठते, कारण सोडियमसोबत साखर ओढणारा वाहक वर आहे आणि पंप खाली. रंग जेमतेम आत येतो. दुसरीत रंग शिरतो आणि साखरेची चढण उभी राहत नाही. पंप आणि वाहक असूनही मधली फट उघडली की कमावलेले वाहून जाते. पाऊण तासापुढे ऊती मरायला लागते, बाहेरचे बफर गढूळ झाले की मोजणी थांबवा.

पुढचा टप्पा म्हणून हळदीतले कर्क्युमिन देऊन जंक्शनवर परिणाम पाहायचा विचार सांगलीत कोणाच्याही मनात येतोच. करायला हरकत नाही, पण दोन गोष्टी आधी सांभाळा. कर्क्युमिन निळ्या प्रकाशात स्वतःच हिरवे चमकते, म्हणून ई-कॅडहेरिन हिरव्या रंगाने दाखवू नका. दुय्यम अँटीबॉडी लालच्या पुढच्या, दूर-लाल रंगाची घ्या आणि अँटीबॉडी न लावलेली कर्क्युमिनची एक काच कायम सोबत ठेवा. दुसरे, सीरम नसलेल्या ७.४ पीएचच्या बफरात ३७ अंशांवर ते अर्ध्या तासात बहुतेक विघटित होते. सीरम असेल तर बरेच जास्त टिकते. म्हणून डायलिसिस केलेले सीरम ठेवा, द्रावण दर वेळी ताजे करा, कर्क्युमिन विरघळवणारे डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या आत ठेवा आणि तेवढेच डीएमएसओ नियंत्रण इन्सर्टलाही घाला.